राजीनामा झाला, मॅडमजी

जयपूरला आम्ही आलो ते ह्यांच्या विमा कंपनीतल्या बदलीमुळे, आणि राहिलो ते मुलीच्या शाळेमुळे. इथल्या मराठी बायकांच्या हळदीकुंकवात कुणी विचारलं, "तुम्ही काय करता हो?" तर बारा वर्षं माझं एकच उत्तर होतं, "हेल्थमध्ये आहे." उत्तर खोटं नव्हतं. समोरची बाई म्हणायची, "अय्या, नर्स का?" आणि मी तिळाचा लाडू तोंडात टाकायची. तोंडात लाडू असला की पुढचं बोलावं लागत नाही.

खरं उत्तर असं होतं: तुरुंगातून सुटलेल्या आणि एचआयव्ही असलेल्या माणसांना औषधापर्यंत आणि कामापर्यंत पोचवणं. एका लहानशा संस्थेत मी समुपदेशक होते. हे वाक्य हळदीकुंकवात म्हणून बघा. बायका वाण परत मागणार नाहीत, पण पुढच्या वर्षी बोलावतील की नाही याची मला खात्री नव्हती. आता निवृत्त झाले आहे, आणि कुणी बोलावलं नाही तरी चालेल अशा वयाला आले आहे, म्हणून लिहिते.

आमचं काम समजायला सोपं आहे. तुरुंगात असताना गोळी माणसाकडे चालत येते. नाव पुकारतात, तो हात पुढे करतो. सुटला की सगळं उलटं होतं, त्याला गोळीकडे चालत जावं लागतं. सरकारी रुग्णालयातल्या एआरटी केंद्रात गोळ्या फुकट मिळतात. पण रोज घ्यायच्या, आयुष्यभर घ्यायच्या, आणि ठरल्या तारखेला रांगेत उभं राहून आणायच्या. ज्याने हे नीट केलं तो तुमच्याआमच्यासारखा म्हातारा होतो. आता रोजंदारीवरचा माणूस महिन्याला एक दिवस गायब झाला की मुकादम विचारतो, कुठे गेला होतास? तीनदा विचारलं की चौथ्यांदा तो माणूस कामावर जातो, औषधाला जात नाही. आणि ज्याला कामच नाही, तो भावाच्या घरी फुकटची भाकरी खाऊन वर सगळ्यांसमोर गोळी काढायला लाजतो. म्हणून औषध आणि काम ही दोन्ही ओझी आमच्याकडे एकाच टेबलावर असायची, आणि त्या टेबलामागे मी.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक आजोबा दाराशी येऊन उभेच राहायचे. मला वाटायचं, लाजतायत. मग कळलं की इतकी वर्षं दार दुसऱ्याने उघडायची सवय. स्वतःच्या हाताने कडी काढायची असते हे ते विसरले होते. एक बाई गोळ्या लोणच्याच्या बरणीत ठेवायची, कारण सासू लोणचं खात नसे. एक आचारी होता, त्याने तुरुंगात शेकडो माणसांचा स्वयंपाक केलेला. गोपालपुऱ्याच्या एका कोचिंगवाल्या हॉस्टेलच्या मेसमध्ये मी त्याला चिकटवला. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "कितने सौ?" मालक म्हणाला, साठ मुलं. आचाऱ्याचा चेहरा पडला. साठ माणसांची आमटी त्याला जमेचना, मीठ दर वेळी जास्त. पंधरा दिवसांनी हात बसला. त्याला एचआयव्ही आहे हे मी मालकाला सांगितलं नाही, कारण सांगायची गरज नव्हती. कुणाच्या हातची आमटी खाऊन हा आजार होत नाही. त्याच्या भाज्यांचा वास आला की मला आपणच कोचिंगला पहिले आल्यासारखं वाटायचं.

माझं हिंदी तेव्हा कामचलाऊ होतं. सांगलीच्या शाळेत शिकलेलं हिंदी आणि राजस्थानात ऐकू येणारं हिंदी यांची फारशी ओळख नाही. पहिल्याच महिन्यात एका सुटून आलेल्या माणसाला मी फॉर्म भरताना विचारलं, "कितनी शिक्षा हुई?" तो म्हणाला, "आठवीं तक." मी चक्रावले. अख्खं ऑफिस हसत होतं. इथे शिक्षा म्हणजे शिक्षण, आणि आपण ज्याला शिक्षा म्हणतो ती इथे सजा. त्यानंतर मी असल्या फसव्या शब्दांची एक यादीच वहीच्या मागे केली आणि समजले की आता आपल्याला हिंदी आलं. हा माझा स्वभावच आहे. एक चूक सुधारली की मला वाटतं, खातंच बंद झालं.

आता बनवारीचं सांगते. त्याच्यासाठीच हे लिहायला बसले आहे, आणि इतका वेळ आचारी नि लोणचं करत बसले ती टाळाटाळ होती.

बनवारी चाळिशीचा, उंच, कमी बोलणारा. झोटवाड्यातल्या लोखंडी कपाटांच्या एका कारखान्यात मी त्याला रंगाच्या कामावर लावला होता. त्या कामासाठी मी पाच महिने खेटे घातले होते. मालकांना सगळे सेठजी म्हणत. तुरुंगातून आलेला माणूस घ्यायला ते तयार नव्हते, मी त्यांच्याकडे इतका चहा प्यायले की शेवटी कंटाळून हो म्हणाले. बनवारीने त्यांना पस्तावू दिलं नाही. त्याच्या हातचा रंग असा बसायचा की कपाटात तोंड बघावं. दर महिन्याला तो औषध घेऊन यायचा आणि माझ्या टेबलावर गोळ्यांची नवी बाटली क्षणभर उभी करून दाखवायचा, शाळेतलं पोर प्रगतिपुस्तक दाखवतं तशी. मी मान डोलवायची, तो बाटली खिशात घालून जायचा.

एका बुधवारी पत्र्याच्या धारेने त्याचा तळहात कापला. शेजारचा गडी फडकं घेऊन धावला, तर बनवारी जिवाच्या आकांताने ओरडला, "हाथ मत लगा!" हे त्याला मीच शिकवलं होतं. रक्त आलं तर दुसऱ्याचा उघडा हात लागू द्यायचा नाही, स्वतःच बांधायचं. त्याने ते चोख पाळलं, आणि तेच त्याच्या अंगाशी आलं. असा कोण ओरडतो? दर महिन्याची रुग्णालयाची सुट्टी, ती बाटली, सगळ्याची बेरीज गड्यांनी दोन दिवसांत केली. सहा जणांनी काम थांबवलं. त्याचा डबा फाटकाबाहेर फेकला. धक्काबुक्की झाली.

त्याचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "कुछ भी हो, काम मत छोड़ना. मैं देखती हूँ." पण बघितलं नाही. आमच्याकडे पाहणी करायला वरची मंडळी यायची होती, आणि मी तक्ते रंगवत बसले होते.

शनिवारी दुपारी पुन्हा फोन. आवाज मोकळा, जवळजवळ आनंदी. "मैडमजी, राजीनामा हो गया. सोमवार को आप आ जाइए, सेठजी बुला रहे हैं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सांगितलं होतं, काम सोडू नकोस, आणि हा बाबा राजीनामा देऊन मोकळा, वर खूश! नोकरी सोडण्याला इथे इस्तीफा म्हणतात हे मला पक्कं ठाऊक होतं. पण राजीनामा हा शब्द कानावर पडला की डोकं आपोआप सांगलीत जातं. आता सेठजी मला बोलावून काय करणार, तर पाच महिन्यांचा चहा उकरून काढणार. मी फोनवर त्याला चांगलंच झापलं. "मुझसे पूछा था? जो करना था कर लिया ना, अब मुझे क्यों बुलाते हो!"

"मैडमजी, आप सुनो तो..." एवढंच तो म्हणाला आणि मी फोन ठेवला. त्याने आणखी तीनदा केला. मी उचलला नाही.

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं, "बनवारीनं राजीनामा दिला."

"दिला तर दिला," हे म्हणाले. आयुष्य विमा कंपनीत गेलेलं, त्यांनी राजीनामे पुष्कळ पाहिले होते. "तू कशाला जीव जाळतेस? त्याला नकोच असेल नोकरी."

"पाच महिने घातले हो मी."

"अगं, काही माणसांना तुरुंगाबाहेर करमत नाही."

हे वाक्य मी एरवी कुणालाही बोलू दिलं नसतं. त्या दिवशी मी मान हलवली. घरात आम्ही दोघं मराठी, दोघांनाही तो शब्द एकाच अर्थाने ठाऊक, त्यामुळे शंका यायला जागाच नव्हती. मुलगी घरी असती तर तिने पटकन सांगितलं असतं. तिचं मराठी अडखळतं म्हणून मी तिला कायम बोलत असे.

सोमवारी मी गेले नाही. रजिस्टरमध्ये बनवारीच्या नावासमोर लिहिलं, "काम स्वेच्छा से छोड़ा." अक्षर चांगलं आलं होतं.

दोन आठवड्यांनी आमच्या ऑफिसातले वकील शेखावतजी जेवताना शेजाऱ्यांची गंमत सांगत होते. नळावरून दोन घरांत डोकी फुटायची वेळ आली होती, पोलिसांपर्यंत गेलं होतं. "अब राजीनामा हो गया," ते म्हणाले, "दोनों साथ बैठके चाय पीते हैं."

माझा घास हातातच राहिला. मी विचारलं, नळाच्या भांडणात राजीनामा कशाचा? शेखावतजी हसले. "मैडम, राजीनामा मतलब समझौता. दोनों राज़ी, लिखा-पढ़ी, झगड़ा ख़तम. कचहरी में रोज़ होता है."

मी डबा बंद केला आणि झोटवाड्याची बस धरली.

सेठजींनी चहा सांगितला. पिवळट कागद काढून दाखवला, बनवारीची आणि सहा गड्यांची सही असलेला. गडी त्रास देणार नाहीत, बनवारी पोलिसांत जाणार नाही, रंगाचं काम तोच करेल. फक्त गड्यांची एक अट होती. संस्थेच्या मॅडमनी सोमवारी येऊन सगळ्यांसमोर आपल्या तोंडाने सांगावं की बरोबर काम केल्याने हे लागत नाही. सोमवारी सगळे हात धुऊन अकरा वाजेपर्यंत बसून राहिले होते. बनवारी फाटकाशी उभा होता.

"आप आ जातीं तो बात बन जाती," सेठजी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "लड़के बोले, जिनका आदमी है, वो ही पास आने से डरती हैं."

खरं सांगायला ती जागा होती, आणि वेळही. मी म्हटलं, "तबियत ठीक नहीं थी." आणि चहा संपवला. त्याच सोमवारी बनवारीला काढून त्याच्या जागी दुसरा माणूस लावला होता. त्याचा रंग ओघळत होता, तेही सेठजींनी दाखवलं.

बनवारीचा फोन बंद. झोटवाड्यातली खोली सोडलेली. इथपर्यंत झाली ती चूक होती, आणि चूक कुणाचीही होते. पुढचं जे मी केलं त्याला चूक म्हणता येत नाही.

शेखावतजींच्या कानावर हे प्रकरण दुसरीकडून गेलं. ते तावातावाने माझ्या टेबलाशी आले. एचआयव्ही आहे म्हणून माणसाला कामावरून काढता येत नाही, तसा कायदा आहे. "इसमें तो शिकायत बनती है," ते म्हणाले आणि रजिस्टर मागितलं. मी दिलं. त्यांनी बोट फिरवत ती ओळ वाचली, आणि त्यांचं बोट थांबलं. "अच्छा, ये तो ख़ुद छोड़ गया. फिर क्या बनेगा."

मी समोर बसले होते. "ती ओळ चुकीची आहे, मी लिहिली आहे," एवढं म्हणायचं होतं. पाहणी आठ दिवसांवर आली होती, आणि मला वरची जागा द्यायचं चाललं होतं. समुपदेशकाला माणसाचं बोलणं समजलं नाही, हे समुपदेशक कसं सांगणार? शेखावतजींनी रजिस्टर मिटलं आणि माझ्याकडे सरकवलं. त्या रजिस्टरला पुढे दोन नियम चिकटलेले होते, दोन्ही मला पाठ. आपणहून काम सोडलेल्याची तक्रार होत नाही, आणि आपणहून काम सोडलेल्याला संस्था दुसरं काम लगेच देत नाही, त्याचं नाव यादीत सगळ्यात खाली जातं. वरची जागा मला मिळाली.

एआरटी केंद्रातून दर महिन्याला न आलेल्यांची यादी यायची. पहिल्या महिन्यात बनवारीचं नाव आलं, दुसऱ्या महिन्यात आलं. मी त्याच्या गावी टोंककडे जाऊन आले. भावाने सांगितलं, इथे नाही, मजुरीला गेलाय, कुठे ते माहीत नाही. सात महिने ते नाव येत राहिलं. ऑफिसात सगळे म्हणायचे, मॅडम एकेका माणसासाठी किती धावतात. मी ते ऐकून घ्यायची.

आठव्या महिन्यात तो सापडला, रुग्णालयातच, क्षयाच्या वॉर्डात. भावजयीने आणून टाकला होता. मी ओळखलं नाही, त्याने ओळखलं. उंच माणूस बारीक झाला की आणखी उंच दिसतो. गोळ्या त्याने काम गेल्यावर महिनाभरात सोडल्या होत्या. वीटभट्टीवर होता, तिथून सुट्टी मिळत नसे. तो वाचला, ते डॉक्टरांमुळे आणि त्या भावजयीमुळे. पण छाती गेली ती गेली. रंगाच्या वाफेत उभं राहणं आता त्याला जन्मात शक्य नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच्या हातात असलेलं एकमेव कसब होतं ते.

तो हिंडूफिरू लागल्यावर, एआरटी केंद्राच्या बाकावर, मी त्याला सगळं सांगितलं. शब्द, फोन, सोमवार. आमच्या भाषेत राजीनामा म्हणजे काय, तेही सांगितलं. सांगताना मला रडू आलं, आणि रडता रडता थोडं हलकंही वाटलं. ते हलकं वाटणं मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

बनवारी समोरच्या खिडकीकडे बघत होता. तिथे टोकन पुकारत होते. मग म्हणाला, "मैं तो समझा था, आप डर गईं. घर में भाभी गाली दे रही थी आपको, तो मैंने कहा, रहने दे, उनके भी बाल-बच्चे हैं."

इतके दिवस हा माणूस घरच्यांसमोर माझी बाजू घेत होता.

"और किसको बताया आपने?" त्याने विचारलं.

"अभी तो... तुम्हें ही."

तो हसला नाही, रागावलाही नाही. गोळ्यांची बाटली खिशात घातली. "मुझे बताने से क्या होगा, मैडमजी. मैं तो वहीं था. दफ़्तर में बता दो."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. ती एक ओळ खोडली असती तर त्याची तक्रार उभी राहिली असती, यादीत नाव वर आलं असतं, आणि काही भरपाई मिळायची तर मिळाली असती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले, रजिस्टर काढलं, पान उघडलं. शेखावतजी समोरच बसले होते. त्यांनी विचारलं, "कुछ चाहिए मैडम?" मी म्हटलं, "नहीं नहीं, ऐसे ही."

संस्थेच्या यादीतून काम मिळेना, म्हणून मग मी माझ्या ओळखीत शब्द टाकला. राजा पार्कात एका साड्यांच्या दुकानाबाहेर तो आता स्टुलावर बसतो, आत जाणाऱ्यांच्या चपला सांभाळतो. गोळ्या वेळेवर घेतो. आमच्या हळदीकुंकवातल्या बायका तिथे खरेदीला जातात, त्या म्हणतात, माणूस फार अदबशीर आहे हो. मी गेले की तो उठून नमस्कार करतो. पहिले काही महिने तो नमस्कार करून माझ्या तोंडाकडे बघत थांबायचा. आता थांबत नाही, टोकन देतो.

मार्चमध्ये मी निवृत्त झाले. शेखावतजींनी भाषण केलं. मॅडमनी एकेका माणसाचं बोलणं समजून घेतलं, असं ते म्हणाले. मला शाल मिळाली, मी आभार मानले, आणि रजिस्टर नव्या मुलीच्या ताब्यात दिलं, त्या ओळीसकट.

दिवाळी अंकासाठी लिहाल का, असं पुण्याहून विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. वाटलं, आता तरी एकदा सगळं खरं सांगून टाकू. सांगितलं. लिहून झाल्यावर ह्यांना वाचायला दिलं. ह्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "शेखावतांना दाखवणार आहेस?"

त्यांना मराठी येत नाही. आमच्या ऑफिसात कुणालाच येत नाही.